कोंडलेल्या गाडीतला पहिला श्वास

अंबाजोगाईहून परळीकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. पाटीचा रंग उडालाय, तरी 'गॅस किट बसवून मिळेल' एवढं अजून वाचता येतं. खाली सोमनाथचं नाव, आणि त्याच्याही खाली, मागाहून कधीतरी जाड ब्रशानं ओढलेली एक ओळ: 'गाडी रात्रभर ठेवावी लागेल. घाई असेल त्यांनी पुढे जावे.' आता मला सांगा, आलेल्या गिऱ्हाइकाला पुढं जा म्हणणारा दुकानदार तुम्ही कुठं बघितलाय का? पण सोमनाथ हा असाच. घाई करणाऱ्या माणसाशी त्याचं उभ्या जन्मात कधी जमलं नाही.

पेट्रोलची गाडी गॅसवर करायची म्हणजे काम तसं दिवसाभराचं. डिक्कीत टाकी बसवायची, गाडीच्या पोटाखालून तांब्याची नळी पुढं आणायची, इंजिनाशेजारी पातळ गॅसची हवा करणारा डबा बसवायचा आणि स्टिअरिंगजवळ एक बटण द्यायचं. बटण वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस. बाकीचे मिस्त्री संध्याकाळी चावी हातात देऊन मोकळे व्हायचे. सोमनाथ देत नसे. तो टाकीत गॅस भरून आणायचा, बॅटरीची तार सोडायचा, काचा गच्च चढवायचा आणि गाडी रात्रभर शेडात कोंडून ठेवायचा. सकाळी आसपास कुणाच्या तोंडात बिडी नाही ना बघायचं, दार उघडायचं, डोकं आत घालायचं आणि एक श्वास घ्यायचा. एकच.

"पयला श्वास खरा," तो म्हणायचा. "दुसऱ्या श्वासाला नाक सरावतंय, मग ते खोटं बोलतंय."

हा पहिला श्वास घ्यायचा मान त्याचा एकट्याचा. गाडी पुढाऱ्याची असो नाहीतर डॉक्टरची, मालकानं बाहेर उभं राहायचं. त्या श्वासात वास आला तर गाडी आणखी एक रात्र कोंडायची, आणि नाही आला तरच ती सुटायची.

ही रीत तो कुठल्या कोर्समध्ये शिकला नव्हता. त्याचा बाप म्हाळू धर्मापुरीच्या शिवारात मेंढरं राखायचा. रात्री जाळी लावून मेंढरं कोंडायची, आणि सकाळी जाळी काढायच्या आधी म्हाळू उकिडवा बसून वास घ्यायचा. कुठलं मेंढरू पोटानं बिघडलंय, कुणाच्या खुरात पू झालाय, ते त्याला तिथंच कळायचं. बारका सोमनाथ विचारायचा, "बाबा, कावून हुंगताव रोज?"

"मेंढराला बोलता येतंय का बे? मंग?" म्हाळू म्हणायचा, आणि विषय संपायचा. म्हाळू जास्त बोलणारा माणूस नव्हताच. तो एका दमात दोन वाक्यं बोलला की त्याची बायको साखराबाई म्हणायची, "आज सूर्य कुनीकडं उगवला वो?"

त्या मेंढरांचा वास सोमनाथच्या सदऱ्याला असायचाच. शाळेत पोरं नाक धरायची, आपली बसकरं ओढून लांब सरकायची. चौथीत असताना शाळेवर माणिकराव गुरुजी बदलून आले. गुरुजी बौद्ध वस्तीतले. त्यांनी दोन दिवस हा प्रकार बघितला, तिसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची उचलली आणि सोमनाथच्या बसकराशेजारी आणून ठेवली. वर्षभर तिथं बसून शिकवलं. कुणाला मारलं नाही की उपदेश केला नाही. वासाच्या नावाखाली माणूस लांब ठेवायची ही खोड त्यांना काय नवी होती? त्यांच्या आईबापानं ती आयुष्यभर सोसली होती. पोरंही मग हळूहळू आपोआप जवळ सरकली.

पुढं सोमनाथ दहावी झाला, अंबाजोगाईत गॅरेजवर लागला, आणि तिथून तेव्हाच्या औरंगाबादला एका उस्तादाच्या हाताखाली गॅस किटचं काम शिकायला गेला. उस्ताद जुना जाणता माणूस. तो सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती शोधायचा. सोमनाथ फेस कालवायच्या आधीच बोट ठेवून सांगायचा, इथं हाय. पहिल्यांदा उस्ताद हसला, दुसऱ्यांदा गप्प झाला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "जा बेटा, अपनी दुकान खोल. हमारे कू शरम आ रई."

असं हे शेड उभं राहिलं. आणि त्या शेडात गॅसवर झालेली पहिली गाडी कुणाची, तर माणिकराव गुरुजींची.

गुरुजींनी जुनी पांढरी मारुती आठशे घेतली होती. वस्तीतली पहिली चारचाकी. पण पेट्रोलच्या धाकानं ती कायम कव्हरखाली. गुरुजी रोज सकाळी कव्हर काढायचे, गाडी पुसायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे. त्यांची बायको सिंधुबाई वैतागायची. "नुसतं पुसूनच ठिवायचं हुतं तर घरात भांडी काय थोडी हायत?" गुरुजींच्या मनात मात्र एकच होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सिंधुबाईला स्वतःच्या गाडीतून नागपूरला न्यायचं. दरवर्षी ट्रकमध्ये उभं राहून गेलेली बाई, एकदा तरी खिडकीशी ऐसपैस बसून जावी. त्यासाठी त्यांनी गाडी गॅसवर करायची ठरवली.

त्या दिवशी सकाळी सोमनाथनं पहिला श्वास घेतला, गाडी सुटली म्हणून सांगितलं आणि हौसेनं आणलेला नारळ पुढं केला. गुरुजी हसले. "ते फोडाफोडी आमच्यात न्हाई बाबा. पन खायला कुणाची बंदी हाय?" मग सिंधुबाईसकट तिघांनी शेडाच्या दारात बसून गुळाबरोबर तो अख्खा नारळ संपवला. निघताना सिंधुबाईनं डिक्की उघडली, आत बसलेली ती भलीमोठी टाकी बघितली आणि कपाळावर हात मारला. "आता माझं भाकरीचं गठुडं कुठं ठिवू? मांडीवर?" आणि खरंच, नागपूरपर्यंत ते गठुडं मांडीवर घेऊनच ती गेली. परत आल्यावर मात्र आठवडाभर सगळ्या वस्तीला सांगत होती, काय थंडगार वारा लागतो म्हणून खिडकीतनं.

काय दिवस होते ते! पेट्रोलचा भाव चढला की दुसऱ्या दिवशी सोमनाथच्या शेडापुढं व्हॅनची रांग. शाळेची पोरं नेणाऱ्या व्हॅन, वऱ्हाडाच्या व्हॅन, दवाखान्याच्या वाटेवरच्या व्हॅन. पहाटे ड्रायव्हर लोक घोंगडी पांघरून शेडाबाहेर चहा पीत बसायचे आणि आतल्या श्वासाची वाट बघायचे. तेलगावचा शहादेव तर पैज लावायचा, आज वास निघतो का नाही. बिभीषण नावाचा एक ड्रायव्हर गॅसवर इतका खूश झाला, की पेट्रोलच्या टाकीत थेंब टाकायचा विसरूनच गेला. थंडीच्या दिवसांत गाडी गॅसवर उठेना, पेट्रोल नाही, आणि आत नवरदेव बसलेला. वऱ्हाडानं व्हॅन ढकलत ढकलत मांडवापर्यंत नेली. "नवरदेव सुद्धा ढकलत हुता," बिभीषण पुढं कैक वर्षं अभिमानानं सांगायचा. त्या हसण्याचा आवाज पत्र्याला लागून घुमायचा. आज त्या शेडात उभं राहिलं तर पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू येतात.

कारण दिवस पालटले. सीएनजी आला, कंपनीच गाडीला गॅस बसवून द्यायला लागली, जुन्या व्हॅन भंगारात गेल्या. आठवड्याला रांग लागायची तिथं महिन्याला एखादी गाडी. सोमनाथला त्याचंही फार दुःख नव्हतं. काम कमी झालं तर झालं, आलेली गाडी मात्र रात्रभर कोंडायची आणि सकाळी आपण श्वास घ्यायचा, एवढं असलं की तो राजा होता.

आणि मग करोनात त्याचं नाक गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, माणूस हिंडायला फिरायला लागला, पण वास म्हणून कशाचाही येईना. दूध उतू जाऊन करपलं तरी हा चुलीशेजारी ढिम्म. त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? म्हाळूच्या पोराचं नाक गेलं, हे त्याला स्वतःलाच कबूल होईना. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यानं शेड उघडलं. फेस लावायचा, पण तो सवयीनं चार मोठ्या सांध्यांना. बाकी सगळं तो आयुष्यभर नाकावर सोडत आला होता आणि ती सवय काही सुटली नाही. सकाळी दार उघडायचा, डोकं आत घालायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "सुटली." आत वास असो नसो, त्याला सगळं सारखंच.

एका सकाळी शहादेवची व्हॅन होती. सोमनाथनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "सुटली. न्या." नेमकी त्याच वेळी त्याची बायको संगीता घरी विसरलेला डबा घेऊन दारात आली.

"अगंबाई, केवढा गॅस सुटलाय!" तिनं पदर नाकाला लावला. "डोकं धरलं की माझं!"

सोमनाथनं धावत जाऊन टाकीची चावी बंद केली, चारी दारं उघडली आणि शहादेवला म्हणाला, "आज न्हाई मिळत गाडी." शहादेव एकदा त्याच्याकडं आणि एकदा संगीताकडं बघत राहिला, आणि सरळ रस्त्याला लागला. शहाणा माणूस.

मग सोमनाथ एका जुन्या टायरवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "गेलंय संगे. नाकच गेलंय माझं."

"आन हे मला आज सांगताव?" संगीता कडाडली. तिला रडू येत होतं की राग, तिलाच कळत नव्हतं. "त्यात लेकरंबाळं बसली असती, कुनी काडी वढली असती, मंग?"

"बंद करतो शेड. उद्याच्याला कुलूप लावतो."

संगीतानं डोळे पुसले. "कुलूप कावून? माझं नाक कुठं गेलंय?"

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापून, पोरांना शाळेत लावून, पदर खोचून शेडात हजर. त्या दिवसापासून नियम बदलला. फेस आता प्रत्येक सांध्याला लागायचा, एकही सोडायचा नाही. त्यासाठी साखराबाई लोकर धुवायला वापरायची तो रिठाच संगीतानं भिजत घातला, कारण त्याचा फेस लवकर बसत नाही. आणि सकाळचा पहिला श्वास संगीताचा. भावकीत बायकांनी नाकं मुरडली, गॅरेजात बाईमाणूस म्हणून. संगीतानं कान बंद ठेवले. शहादेव तिला चेष्टेनं मॅडम म्हणाला, आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले. गाडी सुटली का हे आता सोमनाथला कुणी विचारत नसे. "मॅडम काय म्हनल्या?" असं विचारायचे.

काम नसायचं तेव्हा दोघं दारात बसून चहा घ्यायचे. तिनं स्वतःसाठी घरून एक निळ्या फुलांचा कप आणून ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या शेजारी बसून दोघांनी कधी चहा घेतला नव्हता. तिला एवढ्या गोष्टी सांगता येतात, नकला करता येतात, हे सोमनाथला त्या शेडात कळलं. पोरांच्या शाळेतल्या शिपायाची नक्कल तर ती अशी करायची, की याच्या हातातला चहा सांडायचा.

तरी रोज सकाळी, ती गाडीत डोकं घालायची तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहायचा. तेवढं बघवायचं नाही त्याला. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा नाहीही येणार. बापाचा वारसा म्हणून जमीन नव्हती, मेंढरं कधीच विकली गेली होती, एक नाक होतं. ते परत येईल का, याशिवाय दुसरी चिंता त्याला नव्हती. मोठ्या लोकांना हसू येईल, पण त्याची झोप त्यापायी उडाली होती.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर शेडापुढं एक पांढरी आठशे येऊन थांबली. आतून माणिकराव गुरुजी उतरले. डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता, पण सदरा तसाच कडक इस्त्रीचा.

"टाकीची मुदत सरलीय म्हनतेत," ते म्हणाले. "पोरगा जीवन पुण्याहून फोन करतो, बाबा, भंगारात द्या. म्हनलं, तू तुझ्या बापाला बी उद्या भंगारात देशील. सिंधूचे गुडघे गेलेत, एसटीचं पायदान चढवत न्हाई. या साली नागपूरला न्यायचंय तिला. फुडच्या सालाचं कुनी बघितलंय? तूच काय ते कर."

सोमनाथनं ना म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्यानं लातूरहून नवी टाकी आणली, कागदं नीट करून घेतली, जुनी टाकी उतरवली. नळी सोडताना त्याला स्वतःच्याच हातचे जुने सांधे भेटत गेले. एका नटाला त्यानं तेव्हा हौसेनं लाल रंगाचा ठिपका दिला होता, तो अजून तसाच होता. त्याला तो नारळ आठवला, गूळ आठवला, सिंधुबाईच्या मांडीवरचं गठुडं आठवलं. हात काम करत राहिले आणि मन तिकडंच फिरत राहिलं. संध्याकाळी संगीतानं सांधेन् सांधे फेस लावून बघितले. दोघांनी मिळून गाडी कोंडली.

सकाळी संगीतानं दार उघडलं, डोकं आत घातलं, श्वास घेतला.

"साफ हाय," ती म्हणाली. "काय न्हाई."

सोमनाथ नेहमीसारखा तोंड फिरवून उभा होता, हातात चिंधी. आणि त्याच्या नाकाच्या पार वर, दोन भुवयांच्या मधोमध, काहीतरी झोंबलं. सडक्या लसणासारखं. त्यानं मान वळवली. ते गेलं नाही.

"संगे," तो म्हणाला. "वास येतोय."

"कशाचा?"

"गॅसचा."

"न्हाई वो." तिनं पुन्हा डोकं आत घातलं. "कुठंच न्हाई. मनाचे खेळ हायत तुमच्या."

"दुसरा श्वास धरायचा न्हाई. दुसरा खोटा आसतो."

"आन पयला? पयला बी माझा खोटाच का?" ती दुखावली. "इतके दिस याच नाकावर गाड्या सुटल्या ना तुमच्या?"

सोमनाथनं रिठ्याचा फेस घेतला आणि मागच्या सीटखाली आडवा झाला. पहिला सांधा, काही नाही. दुसरा, काही नाही. पुढं इंजिनापाशी गेला, तिथंही नाही. संगीता कमरेवर हात ठेवून बघत होती. त्याला घाम फुटला. खरंच मनाचे खेळ असतील तर? नाक गेलं ते गेलंच, आता डोकंही चाललं म्हणायचं का? शेवटी टाकीच्या तोंडाशी, काल फेस लावताना झाकणाआड राहिलेल्या एका बारीक नटावर त्यानं बोटानं फेस टेकवला.

एक बुडबुडा उठला. मोहरीएवढा. फुगला आणि फुटला. त्याच जागी दुसरा उठला.

दोघं डोक्याला डोकं लावून त्याच्याकडं बघत होते. संगीतानं आधी टाकीची चावी बंद केली आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागली. "आलं की वो तुमचं नाक! आलं!"

सोमनाथला मात्र हसता येईना. त्यानं हातातली चिंधी हुंगली. ऑइलानं भिजलेली, तरी काही नाही. रबर हुंगलं, माती हुंगली. कशालाच वास नव्हता. फक्त तेवढा गॅस आला होता, आणि चावी बंद केल्यावर तोही गेला. हे नाक आलं म्हणायचं, की जाता जाता एकदा दार वाजवून गेलं? त्यानं तो नट बदलला आणि गाडी पुन्हा कोंडायची ठरवली.

दुपारी गुरुजी आले ते गाडी न्यायच्या तयारीनंच. "आरं, उद्या निघायचंय की आमाला!"

"एक रात गुरुजी. सकाळी काकूला घिऊनच या, हितूनच निघा."

गुरुजींनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि वाद घातला नाही.

संध्याकाळी शेड आवरताना संगीतानं आपला निळ्या फुलांचा कप धुतला, पदरानं कोरडा केला आणि पिशवीत टाकला.

"ते कावून घितलंस?" सोमनाथनं विचारलं.

"आता माझं काय काम हाय हितं? धनी आला की राखनदारानं निघायचं." ती हसून बोलली, पण त्याच्याकडं न बघता. वाटेनं सोमनाथच्या मनात एकच फिरत होतं. नाक परत यावं म्हणून तो इतका झुरला होता, आणि ते आल्यावर शेजारची जागा रिकामी होणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी शेडाबाहेर गुरुजी आणि सिंधुबाई रिक्षातून उतरले. सिंधुबाई पांढऱ्या लुगड्यात, काठी टेकत, भाकरीचं गठुडं पोटाशी धरून. संगीता गाडीपाशी गेली आणि दारापासून बाजूला झाली.

"घ्या," ती हळूच म्हणाली. "तुमचा मान तुमाला."

सोमनाथनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांनी तो हात तिथं आला होता. मग तो थांबला.

"तू तिकडल्या दारातनं," तो म्हणाला. "मी हिकडून. एकदम उघडायचं."

"असं कुठं आसतंय का? एकाचाच मान आसतो."

"उघड म्हनलं ना!"

दोन्ही दारं एकदम उघडली. दोन डोकी एकदम आत गेली. सोमनाथनं डोळे मिटले आणि श्वास घेतला. गॅस नव्हता. काहीच नव्हतं. त्याच्या मनानं हाय खाल्ली, गेलं म्हणून. आणि त्या कोंडलेल्या हवेत, तिकडच्या बाजूनं, हळूच काहीतरी आलं. खोबरेल. त्याच्यामागून ज्वारीचं ओलं पीठ, हातावर वाळलेलं. त्याच्यामागून थोडा धूर, आणि मानेवरचा घाम.

त्यानं डोळे उघडले. हातभर अंतरावर संगीताचं तोंड होतं.

"गॅस हाय का?" तिनं घाबरून विचारलं. "मला तर न्हाई लागला. डोळ्यात पानी कावून तुमच्या?"

"गॅस न्हाई," सोमनाथ म्हणाला. "तुझा वास येतोय. तेलाचा. पिठाचा. तू कशी हुतीस तेच इसरलो हुतो गं मी."

संगीताचे ओठ हलले आणि मिटले.

"उद्या कप घिऊन ये," तो म्हणाला. "तुझ्याबिगर न्हाई सुटायची हितनं कुठली गाडी."

बाहेर गुरुजींचा धीर सुटला. ते सिंधुबाईच्या काठीनं पत्रा ठोकत ओरडले, "काय रे सोमनाथ! वास हाय का न्हाई? आमाला नागपूर गाठायचंय!"

"थांबा गुरुजी," सोमनाथनं डोकं आतच ठेवून हाळी दिली. "मॅडम अजून काय बोलल्या न्हाईत."